हौशी कोणाला म्हणायचं?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

ऑक्टोबरअखेर तुमच्या क्रीडा पानावर, अगदी तळाला, जाहिरातीला चिकटून चार ओळींची एक बातमी होती : ‘हौशी गोल्फमध्ये थायलंडचा फिफा अजिंक्य’. आमच्या वाचनालयात ती तिघांनी वाचली. दोघांचं मत पडलं की फुटबॉलची बातमी चुकून गोल्फच्या मथळ्याखाली गेली. मी म्हटलं, अहो, फिफा हे त्या पोराचं नाव आहे. फिफा लाओपाकदी. दुबईच्या एमिरेट्स गोल्फ क्लबवर जपानच्या मुलाला प्ले-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरी सोडवायच्या जादा खेळात, हरवलं त्याने, आणि थायलंडला ही स्पर्धा पहिल्यांदाच मिळाली. ‘‘तुम्हाला हो काय माहीत गोल्फमधलं?’’ असं एकाने विचारलं, तेव्हा मी नेहमीप्रमाणे विषय बदलला. या पत्रात बदलणार नाही.

बातमीत दोन चुका होत्या. पहिली, तिला ‘आशियाई क्रीडा स्पर्धेची पूर्वतयारी’ म्हटलं होतं. तसा काही संबंध नाही. ही आशिया-पॅसिफिक अमॅच्युअर चॅम्पियनशिप, 2009 पासून चालत आलेली स्वतंत्र स्पर्धा. दुसरी, ‘मास्टर्सची पात्रता फेरी’ असा उल्लेख होता. जिंकणाऱ्याला मास्टर्सचं, म्हणजे अमेरिकेतल्या एका मोठ्या गोल्फ स्पर्धेचं, निमंत्रण मिळतं हे खरं; पण एवढ्यावरून तिला पात्रता फेरी म्हणणं म्हणजे रणजी करंडकाला भारतीय संघाची निवड चाचणी म्हणण्यासारखं आहे. चुका काय, सगळ्यांच्याच होतात. माझी खरी हरकत मथळ्यातल्या ‘हौशी’ या शब्दाला आहे, आणि तुम्ही तो चुकीचा वापरलाय असंही मला म्हणता येत नाही. म्हणूनच चार ओळींच्या बातमीला एवढं लांबलचक पत्र.

आधी मी कोण ते सांगतो. मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला फिटर. पण त्याआधी, 1971 पासून सात वर्षं, मी कॅडी होतो, म्हणजे गोल्फ खेळणाऱ्याची काठ्यांची बॅग उचलणारा. आमची वस्ती एका गोल्फ मैदानाच्या कुंपणाला लागून होती. शाळा सुटली की दप्तर घरात फेकायचं आणि कुंपणाच्या भोकातून आत. कॅडी मास्तर नंबराचा पत्र्याचा बिल्ला द्यायचा. अठरा होलचे अडीच रुपये, साहेब खूश असला तर वर चार आणे. बॅग माझ्या छातीएवढी उंच. डाव्या खांद्यावर पट्ट्याचा काळा वळ होता, तो लग्नापर्यंत गेला नाही.

बॅग उचलणं हे त्यातलं सोपं काम. अवघड काम ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक हिरवळीवर. चेंडू होलमध्ये ढकलायच्या वेळी कॅडी झेंडा धरून उभा राहतो. झेंड्याचं कापड वाऱ्याने फडफडलं तर साहेबाचं चित्त विचलित होतं, म्हणून ते कापड काठीला लपेटून मुठीत दाबून धरायचं. आपली सावली चेंडूच्या रेषेवर पडू द्यायची नाही. दुसऱ्या खेळाडूच्या रेषेवर पाय ठेवायचा नाही. साहेबाने विचारलं तरच उकिडवं बसून गवत कुठे झुकलंय ते बघायचं आणि ‘‘दोन बोटं डावीकडे, साब’’ एवढंच बोलायचं. मग चेंडू ढकलून झाला की काठी सरळ, हळूच, होलच्या कडेला न घासता परत रोवायची. हे शेवटचं मी मुद्दाम सांगतोय, त्याच्याकडे परत येणार आहे.

आता स्पर्धेकडे. आशिया-पॅसिफिक गोल्फ महासंघ, गोल्फचे नियम ठरवणारी सेंट अँड्र्यूजची आर अँड ए आणि अमेरिकेतलं मास्टर्स भरवणारी ऑगस्टा नॅशनलची मंडळी अशा तिघांनी मिळून ती सुरू केली. सुरुवातीला नाव नुसतं ‘एशियन अमॅच्युअर’ होतं. चार दिवस, बहात्तर होल, दोन दिवसांनंतर कट, म्हणजे मागे पडलेले बाद. पहिली स्पर्धा चीनमध्ये शेन्झेनच्या मिशन हिल्सवर झाली आणि कोरियाचा हान चांग-वोन जिंकला. पुढच्या वसंतात तो ऑगस्टाला खेळला. पहिल्याच वर्षी आशियातल्या एका शाळकरी वयाच्या मुलाला, खिशात एक पैसा बक्षीस न घेता, जगातल्या सर्वांत बंदिस्त क्लबचं दार उघडलं. ऑगस्टाला हौशी खेळाडूंचं वेड आहे, कारण क्लबच्या दोन संस्थापकांपैकी एक बॉबी जोन्स. तो स्पर्धा खेळला तोवर हौशीच राहिला, आणि त्याने 1930 साली एकाच वर्षात अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या ओपन (सर्वांना खुल्या) व अमॅच्युअर (फक्त हौशींच्या) अशा चारही स्पर्धा जिंकल्या. तिथे आलेल्या हौशी मुलांना आजही क्लबहाऊसच्या माळ्यावरच्या खोलीत उतरू देतात. तिला ‘क्रोज नेस्ट’ म्हणतात. कावळ्याचं घरटं. मला हे नाव फार आवडतं.

दुसऱ्या वर्षी, 2010 मध्ये, स्पर्धा जपानच्या कासुमिगासेकीला गेली. तिथे अठरा वर्षांचा हिदेकी मात्सुयामा जिंकला. हा मुलगा सेंदाईच्या विद्यापीठात शिकणारा. मार्च 2011 मध्ये त्याच भागात भूकंप आणि त्सुनामी झाली, आणि महिन्याभरात मास्टर्स. जावं की नाही अशा पेचात पडलेला मुलगा गेला आणि हौशींमध्ये अव्वल ठरला. त्याच वर्षी सिंगापूरला त्याने आशिया-पॅसिफिकचं विजेतेपद राखलं. आजवर दोनदा जिंकणारे दोघेच : एक हा, दुसरा चीनचा डावखुरा लिन युशिन, 2017 आणि 2019 चा विजेता.

2012 मध्ये थायलंडच्या अमाता स्प्रिंगवर जे झालं ते मी कितीदा तरी लोकांना सांगितलंय. ग्वान त्यानलांग नावाचा चिनी मुलगा, वय वर्षं 14, पोटाला टेकवायचा लांब दांड्याचा पटर, म्हणजे चेंडू होलमध्ये ढकलायची काठी, घेऊन जिंकला. आपल्याकडे त्या वयात नववीची चाचणी परीक्षा असते. पुढच्या एप्रिलमध्ये तो मास्टर्स खेळणारा सर्वांत लहान खेळाडू ठरला. दुसऱ्या दिवशी सतराव्या होलवर पंचांनी त्याला वेळ लावल्याबद्दल एका फटक्याचा दंड केला. चौदा वर्षांच्या पोराला! त्याच्या जागी मी असतो तर तिथेच रडलो असतो. पोराने तो दंड घेतला, तरीही कट पार केला, आणि शेवटी हौशींमधलं चांदीचं पात्र घेऊन गेला. त्याच्या बॅगेला ऑगस्टातलाच एक जुना कॅडी होता; मैदान माहीत असलेला माणूस बाजूला असला की काय फरक पडतो, हे बिल्ला लावलेल्यालाच कळतं. पुढे ग्वानचं नाव फारसं ऐकू आलं नाही. तेही होतं.

त्या वर्षी ग्वानच्या एकाच फटक्याने मागे राहिलेला दुसरा मुलगा म्हणजे तैवानचा पान चेंग-त्सुंग. त्याला नऊ वर्षांनी ऑलिंपिकचं कांस्य मिळालं, तेही कासुमिगासेकीलाच, आणि तेव्हा त्याची बॅग त्याच्या बायकोने उचलली होती. मात्सुयामाही त्याच कांस्यपदकाच्या सात जणांच्या प्ले-ऑफमध्ये होता, तो हरला. तोच क्लब, तीच पोरं. मला अशा गोष्टींची नोंद ठेवायची सवय आहे. घरात एक जुनी डायरी आहे एसटीच्या कॅलेंडरची, तिच्या मागच्या पानांवर सगळे विजेते लिहिलेत.

बाकीची वर्षं झटपट सांगतो. 2013 ला चीनमध्ये कोरियाचा ली चांग-वू. 2014 ला रॉयल मेलबर्नवर ऑस्ट्रेलियाचा अँटोनियो मुरदाका. 2015 ला हाँगकाँगमध्ये चीनचा जिन चेंग. 2016 ला कोरियात ऑस्ट्रेलियाचा कर्टिस लक, ज्याने त्याच वर्षी अमेरिकेची अमॅच्युअरही जिंकली होती. 2020 ला करोनाने सगळंच बंद. 2021 ला दुबईत जपानचा केइता नाकाजिमा, प्ले-ऑफमध्ये हाँगकाँगच्या ताइची खोला हरवून. हा नाकाजिमा पुढे 2024 मध्ये आपल्याकडे गुरुग्रामला येऊन इंडियन ओपन जिंकून गेला, तेव्हाही तुमच्या पानावर तो एका ओळीत आटोपला. 2022 ला हॅरिसन क्रो, 2023 ला जॅस्पर स्टब्स, दोघेही ऑस्ट्रेलियाचे.

2018 वर मात्र थांबायला हवं. सिंगापूरच्या सेंतोसावर जपानचा ताकुमी कानाया जिंकला, आणि दोन फटक्यांनी मागे, संयुक्त दुसरा, नाकाजिमाच्या बरोबरीने आपला रेहान थॉमस. दुबईत वाढलेला पण भारताकडून खेळणारा. त्या आठवड्यात मी रोज सकाळी तुमचं पान उलटंपालटं करत होतो. एकही ओळ नाही. दोन फटके म्हणजे काय हो? बहात्तर होलमध्ये दोनदा चेंडू होलच्या ओठाला लागून बाहेर आला की झाले दोन फटके. तेवढ्याने एक भारतीय मुलगा मास्टर्सला जायचा राहिला. 2009 ते 2025 या सोळा स्पर्धांत एकही भारतीय जिंकलेला नाही आणि एकही स्पर्धा भारतात झालेली नाही, हे निदान एकदा तरी छापून यावं.

आणि आता तो शब्द.

‘हौशी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हौशी नाट्यमंडळ येतं. ऑफिस सुटल्यावर तालमी, घरून आणलेली साडी नेपथ्याला, आणि पहिल्या अंकात पडदा अडकणार हे ठरलेलं. म्हणजे प्रेमाने केलेलं, पण कच्चं. ‘धंदेवाईक’ म्हटलं की पक्कं, पैशाला पासरी का असेना. गोल्फमध्ये या शब्दांची उतरंड नेमकी उलटी होती. अमॅच्युअर म्हणजे ज्याला पैशाची गरज नाही असा सद्गृहस्थ. प्रोफेशनल म्हणजे काठ्या दुरुस्त करणारा, शिकवणारा, मागच्या दाराने येणारा माणूस. आणि कॅडी तर त्याच्याही खाली.

अमेरिकेत एकेकाळी लेखी नियम होता : सोळा वर्षं पूर्ण झाल्यावर पैसे घेऊन बॅग उचललीत तर तुमचं हौशीपण संपलं. तुम्ही एकही स्पर्धा पैशासाठी खेळलेली नसली तरी. फ्रान्सिस विमेट नावाचा मुलगा ब्रुकलाइनच्या कंट्री क्लबसमोर, सतराव्या होलच्या रस्त्यापलीकडे राहायचा. आधी कॅडी, आमच्यासारखाच. त्याने 1913 साली विसाव्या वर्षी त्याच मैदानावर हॅरी व्हार्डन आणि टेड रे या दोन दिग्गजांना प्ले-ऑफमध्ये हरवून यूएस ओपन जिंकली, हौशी म्हणून. त्याचा कॅडी एडी लोअरी फक्त दहा वर्षांचा होता. आणि 1916 साली याच विमेटचं हौशीपण काढून घेतलं गेलं, का तर त्याने खेळाच्या सामानाच्या दुकानात भागीदारी केली. दोन वर्षांनी परत दिलं. ज्याच्या बापाची इस्टेट होती त्याला असला प्रश्न कधी पडला नाही.

हे मी पुस्तकातून नंतर वाचलं. मला ते 1977 साली तोंडावर ऐकायला मिळालं होतं. तेव्हा मी सतरा वर्षांचा. सोमवारी मैदान बंद असायचं, त्या दिवशी आम्हा कॅडींना खेळू द्यायचे. साहेबांनी टाकून दिलेली दोन आयर्न, म्हणजे लोखंडी पात्याच्या काठ्या, आणि लोखंडी सळई तापवून, वाकवून केलेला एक पटर, एवढ्यावर मी सोमवारी अठरा होल 78 फटक्यांत करत होतो. पटर मीच केला होता. फिटर व्हायची सुरुवात तिथूनच झाली म्हणा ना. एका चांगल्या मेंबराने पाहिलं आणि म्हणाले, राज्याच्या अमॅच्युअर स्पर्धेचा फॉर्म भर. मी इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात गेलो. आतल्या माणसाने विचारलं, हँडिकॅप सर्टिफिकेट, म्हणजे खेळाची पातळी दाखवणारा दाखला, कुठाय? मी म्हटलं, ते कुठे मिळतं? म्हणाला, मेंबराला मिळतं. मग चष्म्यावरून बघत एक वाक्य बोलला, ते अजून कानात आहे : ‘‘आणि तू तर पैसे घेतोस. तू हौशी कसला?’’ नियमाने तो बरोबर होता की चूक, हे मला तेव्हा कुठून कळणार. मी फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. पुढच्या वर्षी एसटीत अप्रेंटिस लागलो.

म्हणजे बघा, अडीच रुपयांत बॅग उचलणारा पोरगा धंदेवाईक, आणि तीच बॅग विकत घेणारा हौशी.

आपल्या देशातला इतिहासही याच रेषेने जातो. कलकत्त्याचा रॉयल कॅलकटा क्लब 1829 चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. तिथेच 1892 मध्ये भारताची अमॅच्युअर चॅम्पियनशिप सुरू झाली, खुद्द ब्रिटनमध्ये अमॅच्युअर सुरू होऊन सातच वर्षं झाली होती. जगातल्या अशा सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी ही एक, आणि कित्येक वर्षं ती गोऱ्या साहेबांचीच होती. स्वातंत्र्यानंतर देशी नावं आली. त्यांत सर्वांत मोठं बिल्लू सेठी. त्यांनी 1965 ची इंडियन ओपन हौशी असताना जिंकली, भल्याभल्या परदेशी प्रोफेशनलांना मागे टाकून. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये गोल्फ पहिल्यांदा आलं तेव्हा लक्ष्मण सिंगांना सुवर्ण, राजीव मोहतांना रौप्य आणि संघालाही सुवर्ण. माझ्या लग्नाच्या वर्षातली गोष्ट, बायकोला रेडिओवर ऐकवली होती. तिने विचारलं, हे तेच का बॅगवाले? मी म्हटलं, नाही, बॅगवाले वेगळे.

बॅगवाला इंडियन ओपन जिंकायला 1991 उजाडलं. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेला अली शेर. सेठींनंतर तब्बल सव्वीस वर्षांनी ती स्पर्धा भारतीयाला मिळाली, आणि भारतीय प्रोफेशनलला तर पहिल्यांदाच. 1993 ला त्याने ती पुन्हा जिंकली. पण भारताच्या अमॅच्युअर विजेत्यांच्या फळ्यावर अली शेरसारख्याचं नाव कसं येणार? खेळ येत असलेला गरीब मुलगा हौशी होऊच शकत नव्हता. त्याच्यासमोर दोनच वाटा : धंदेवाईक व्हायचं, नाहीतर माझ्यासारखं फिटर.

आता काळ बदललाय, हे मला मान्य आहे. 2022 पासून हौशीपणाचे नियम पुष्कळ सैल झाले. आशिया-पॅसिफिकच्या यादीत नेपाळ, भूतानची मुलंही असतात, ज्यांच्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मैदानं. हे या स्पर्धेचं मोठं काम, आणि तेच लिहायला कोणी तयार नसतं. दुसरीकडे, शब्दाची गंमत अशी उलटली की विचारू नका. 2024 ला जपानच्या गोतेम्बात चीनचा डिंग वेनयी जिंकला. मास्टर्सचं निमंत्रण आलं, ब्रिटनच्या ओपनचं आलं. आणि ती निमंत्रणं हौशीसाठी असतात, म्हणजे प्रोफेशनल झाला की गेली. डिंगला युरोपच्या टूरचं, म्हणजे तिथल्या प्रोफेशनल स्पर्धांत खेळायचं, कार्ड मिळत होतं. त्याने कार्ड घेतलं, प्रोफेशनल झाला आणि मास्टर्स सोडून दिली! पेपरांत बाहेर बरीच टीका झाली. मला नाही वाटत त्याचं काही चुकलं. पोट आहे माणसाला. पण 1977 सालच्या त्या ऑफिसातल्या माणसाला हे कोणीतरी कळवायला हवं होतं.

झेंड्याकडे परत यायचं म्हटलं होतं. एप्रिल 2021, आपल्याकडे कडक निर्बंध, सगळे घरात. सोमवारी पहाटे साडेचारच्या सुमारास मात्सुयामाने मास्टर्स जिंकली. दहा वर्षांपूर्वी आशियाच्या हौशी स्पर्धेतून तिथे पोचलेला मुलगा आता विजेत्याच्या हिरव्या कोटात, आणि गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एखादी जिंकणारा जपानचा पहिला पुरुष. मी झोपलो होतो. सकाळी नातवाने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. सगळे मात्सुयामाच्या मागे गेलेत. अठराव्या ग्रीनवर त्याचा कॅडी शोता हायाफुजी एकटा, ऑगस्टाच्या कॅडींना घालावा लागतो तो पांढरा अंगरखा घालून. झेंड्याचं कापड आठवण म्हणून काढून घेतलंय. तो काठी परत होलमध्ये लावतो. सरळ, हळूच. मग टोपी काढतो आणि रिकाम्या फेअरवेकडे तोंड करून कमरेत वाकून नमस्कार करतो. कोणी बघतंय का, याची फिकीर नाही. नातू म्हणाला, आजोबा, तुम्ही रडताय का. मी म्हटलं, चष्मा पूस माझा.

याच ऑगस्टावर 1982 पर्यंत नियम होता की खेळाडूंनी क्लबचेच कॅडी घ्यायचे, आणि ते सगळे काळे. क्लबला पहिला काळा सभासद मिळाला 1990 मध्ये. काठी कोणी किती वर्षं रोवली आणि आत कोण बसलं, याचा हिशेब तिथेही आहे.

तर संपादक महोदय, विनंत्या तीनच. ही स्पर्धा पुन्हा येईल तेव्हा भारताकडून कोण खेळलं आणि कितवं आलं, एवढं छापा. विजेता फिफा असो की आणखी कोणी. ‘हौशी’ला मी पर्याय शोधून पाहिला, सापडला नाही. ‘बिनमोबदला’ म्हणजे रेशन कार्यालयातल्या अर्जासारखं वाटतं. तेव्हा तो शब्द राहू द्या, मात्र एखाद्या रविवारी पुरवणीत त्याची ही गोष्टही येऊ द्या. लिहिणारा मिळाला नाही तर मी आहे, अक्षर वाईट आहे पण वाचता येतं. आणि तिसरी : त्या बातमीशेजारी तुम्ही कोणत्या तरी खेळाडूचं संग्रहित छायाचित्र टाकलं होतं, मागे बॅग घेऊन उभा असलेला एक माणूस. खाली ओळ होती, ‘गोल्फपटू व त्याचा मदतनीस’. त्याला कॅडी म्हणतात. नाव मिळत असेल तर नावही छापा.

आपला,
एक जुना वाचक आणि माजी कॅडी, बिल्ला क्रमांक 43